शार्कच्या पिंजऱ्यात सहकुटुंब: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पिंजऱ्यात आपण असतो आणि शार्क बाहेर मोकळा असतो. हे घरच्यांना तिकिटं काढायच्या आधी नीट सांगा, कारण आमच्या सासूबाई विमानात बसेपर्यंत समजत होत्या की शार्क पिंजऱ्यात असतो आणि आपण राणीच्या बागेसारखं बाहेरून बघायचं. खरी गोष्ट कळल्यावर दुबईपर्यंत बोलल्या नाहीत.

आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, १४ वर्षांची लेक आणि सासूबाई, दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेलो होतो आणि तिथून गान्सबायला जाऊन हा प्रकार केला. आल्यापासून ओळखीपाळखीतले सगळे विचारतात भीती नाही का वाटली, पण भीतीचं काय ते दोन मिनिटांत निपटतं हो, खरा त्रास थंडीचा आणि मळमळीचा आहे आणि त्याची तयारी कोणीच करून जात नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी जागा ठरवा

ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकन आहे, हवाईत ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावरूनही बोटी जातात. मेक्सिकोचं ग्वादालूपे बेट पूर्वी खूप गाजलेलं होतं पण ते २०२३ पासून पर्यटकांसाठी बंद आहे, तेव्हा जुने व्हिडिओ बघून तिथला प्लॅन करत बसू नका. आपल्याकडून जाणाऱ्यांना गान्सबाय सोयीचं अशासाठी की केपटाऊनची ट्रिप तशीही करायची असते (टेबल माउंटन, पेंग्विन, द्राक्षांचे मळे वगैरे) आणि तिथून हे गाव साधारण १६५ किलोमीटरवर, गाडीने सव्वादोन तास. गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूने चालवतात, रस्ते गुळगुळीत, त्यामुळे नवऱ्याने भाड्याची गाडी घेतली आणि पुणे-कोल्हापूरच्या थाटात हाकली. नाव लिहितात गान्सबाय पण तिथली माणसं आफ्रिकान्समध्ये म्हणतात खान्सबाय, त्यातला ख घशातून. रस्ता विचारताना आम्ही तीनदा ग म्हणून बघितलं, मग लेकीने खाकरल्यासारखं करून विचारलं तेव्हा समोरच्याला पटकन कळलं.

बोटी गावातून सुटत नाहीत, शेजारच्या क्लाइनबाय नावाच्या छोट्या बंदरातून सुटतात. समोर समुद्रात डायर आयलंड नावाचं बेट आणि त्याला लागून गायझर रॉक नावाचा खडक आहे, त्या खडकावर ६०,००० च्या आसपास सील राहतात असं सांगतात. सील म्हणजे शार्कचं ताट. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्याला शार्क अ‍ॅली म्हणतात.

आता एक कटू गोष्ट, बुकिंगच्या आधीच वाचा

ग्रेट व्हाइट, म्हणजे तो प्रसिद्ध अवाढव्य पांढरा शार्क, दिसेल म्हणून जाऊ नका. दिसला तर लॉटरी. काही वर्षांपूर्वीपर्यंत गान्सबाय म्हणजे ग्रेट व्हाइटची राजधानीच होती, पण २०१७ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर मेलेले ग्रेट व्हाइट वाहून यायला लागले आणि बघितलं तर अंगातलं लिव्हर गायब, बाकी मासा जवळपास तसाच. हे काम दोन ऑर्का (किलर व्हेल) नरांचं. एकाचा पाठीवरचा पर डावीकडे कललेला आणि दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणून त्यांना पोर्ट आणि स्टारबोर्ड अशी नावं पडली आहेत (बोटीवाल्यांच्या भाषेत डावं-उजवं). २०२३ मध्ये तर मॉसेल बेजवळ त्यातल्या स्टारबोर्डने एकट्याने दोन मिनिटांच्या आत एका लहान ग्रेट व्हाइटचा निकाल लावला. आता असे दोन गुंड गल्लीत फिरायला लागल्यावर बाकीच्यांनी काय करायचं, ते निघून गेले. ग्रेट व्हाइट कमी व्हायला ऑर्काच कारण की मासेमारीही, यावर तिथल्या अभ्यासकांमध्ये वाद आहेत, पण आपल्यापुरतं एवढंच की ते आता क्वचित दिसतात.

मग दिसतं काय? ब्रॉन्झ व्हेलर नावाचा शार्क, तांबूस-करड्या रंगाचा, अडीच-तीन मीटरपर्यंत वाढणारा. आम्हाला तेच दिसले, पाच की सहा, मोजणं अवघड असतं कारण तोच परत येतो. फोटोत कमी पडतो पण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तीन मीटर हा आकडा अजिबात छोटा वाटत नाही, आपल्या मारुतीपेक्षा थोडाच कमी. कंपनीला ईमेल करून सरळ विचारा की गेल्या आठवड्यात काय काय दिसलं. बऱ्याच कंपन्या रोजची नोंद ऑनलाइन टाकतात, ती वाचा, जाहिरातीतला जबडा वासलेला फोटो बघू नका.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो आणि तो निवांत मिळतो, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. मुलं बरोबर असतील तर त्यांचा जन्मदाखला लागतो, आईवडील दोघांची नावं असलेला. इथे आपल्या लोकांची हमखास गोची होते कारण कित्येकांच्या महापालिकेच्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा रिकामीच असते, बारशाच्या आधी काढलेला दाखला आणि मग चौदा वर्षं कोणी बघितलेला नाही. आमचा तसाच निघाला. नाव चढवून नवा दाखला काढायला वॉर्ड ऑफिसला खेटे घालावे लागतात, ते आधी उरका. आईवडिलांपैकी एकच जण जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही लागतं.

दुसरं, यलो फीव्हर. मुंबईहून केपटाऊनला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. दुबई किंवा दोहाहून गेलात तर प्रश्न नाही, पण स्वस्त पडतं म्हणून आदिस अबाबा किंवा नैरोबीहून जात असाल तर यलो फीव्हरच्या लसीचे नियम तुम्हाला लागू होऊ शकतात, जातानाही आणि भारतात परत येतानाही. ते तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नाही. लस घेतल्यावर सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात पळापळ करून फायदा नाही.

ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या बारीक अक्षरांत अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट वगळलेत का बघा. बस, कागदांचं एवढंच.

कधी जायचं आणि ट्रिपमध्ये कुठल्या दिवशी

तिकडचे ऋतू उलटे. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची थंडी सुरू होत असते, आणि थंडीत पाणी जास्त स्वच्छ असतं, उन्हाळ्यात (म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत) हिरवट गढूळ व्हायची शक्यता जास्त. पण केपकडे पाऊसही हिवाळ्यातच पडतो आणि वादळी लाटा आल्या की बोटी रद्द. दिवाळीच्या सुट्टीचा एक फायदा, वाटेवर हर्मानस नावाचं गाव लागतं तिथे जुलै ते नोव्हेंबर देवमासे किनाऱ्याजवळ येतात, चक्क रस्त्यावरून चहा पीत दिसतात. सासूबाईंच्या दृष्टीने ट्रिपचा सगळ्यात भारी भाग तोच. फुकट, कोरडा आणि बसायला बाक.

दिवस निवडताना एकच नियम. हे काम ट्रिपच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. आमची पहिल्या दिवसाची फेरी लाटांमुळे रद्द झाली, सकाळी साडेपाचला मेसेज आला, दुसऱ्या दिवशीची मिळाली. पुढचा दिवस मोकळा ठेवला होता म्हणून जमलं. आमच्या हॉटेलात नाश्त्याला एक बंगलोरचं कुटुंब भेटलं त्यांची त्याच संध्याकाळची फ्लाइट होती, ते तसेच परत गेले.

बुकिंग करताना काय विचारायचं

मुलाचं किमान वय किती, कारण हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि बोटीवर यायचं वय आणि पिंजऱ्यात उतरायचं वय हेही वेगळं असू शकतं. जे उतरणार नाहीत त्यांना तिकीट कमी आहे का. वरचा डेक आहे का, बोटीत टॉयलेट आहे का (हा प्रश्न लाजून टाळू नका, तीन तास आहेत). फेरी रद्द झाली तर पैसे परत की फक्त दुसरी तारीख. आणि शार्क दिसलाच नाही तर काय, काही जण पुन्हा फुकट यायचं व्हाउचर देतात, जे आपल्यासारख्या पुण्याहून आलेल्या माणसाला तसं काही उपयोगाचं नाही पण विचारून ठेवा.

पोहता येत नसेल तरी चालतं. स्कूबा सर्टिफिकेट लागत नाही, टाकी वगैरे काही नाही, श्वास रोखून डोकं पाण्याखाली घालायचं एवढंच. दमा, हृदयाचा त्रास, गरोदरपण यात डॉक्टरला विचारल्याशिवाय उतरू नये. चष्मेवाल्यांनो, मास्क चष्म्यावरून बसत नाही, कॉन्टॅक्ट लेन्स घालून जा नाहीतर शार्क म्हणून धूसर ढग बघून याल. आणि मिशीवाल्यांनो, मास्क मिशीवर नीट चिकटत नाही, नाकात पाणी येतं. नवऱ्याला म्हटलं काढ, तर म्हणे कॉलेजपासूनची आहे. शेवटी मिशीला जाडसर व्हॅसलीन चोपडलं, त्याने काम होतं.

आदल्या दिवशीची तयारी

रात्री गान्सबाय किंवा हर्मानसलाच राहा. केपटाऊनहून पहाटे उठून येणं जमतं पण अर्धवट झोप आणि घाटाची वळणं, त्यावर बोट, म्हणजे मळमळीला आमंत्रणच. फोन, कॅमेरा रात्री चार्ज करा. तिकडेही वीज जाऊ शकते आणि गंमत म्हणजे त्याला तेही लोडशेडिंगच म्हणतात, हॉटेलच्या बाईने तो शब्द उच्चारला तेव्हा सासूबाईंना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपली जाड तीन पिनांची पॉवर प्लग, गीझरची असते ना तशी, तिकडच्या जुन्या सॉकेटमध्ये बसते, नेहमीची बारीक बसत नाही, अ‍ॅडॅप्टर लागतं.

आता मळमळ. बोट जाताना हलते ते काहीच नाही, खरी हलते ती नांगर टाकून उभी राहिल्यावर. त्यात शार्कला बोलवायला माशांचं तेल आणि माशांचा रगडा पाण्यात ओततात, त्याला चम म्हणतात, त्याचा वास म्हणजे ससून डॉक दुपारी दोन वाजता. अ‍ॅवोमिन घेणार असाल तर बोटीच्या आधीच घ्या, उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. मुलांचा डोस डॉक्टरकडून लिहून घ्या. आम्ही आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या, त्या निम्म्या बोटीने खाल्ल्या, एक जर्मन आजोबा तर सारखे हात पुढे करायचे. नाश्ता करा पण कोरडा, टोस्ट-केळं असा, उपाशी गेलात तर जास्त त्रास होतो. डोळे क्षितिजावर, मोबाइलमध्ये नाही. आणि उलटीची वेळ आलीच तर वारा कुठून येतोय ते बघून मगच कठड्यावर वाका, हे मी शिकवलं म्हणून लक्षात ठेवा, लेकीच्या जॅकेटवर शिकले मी.

कपडे: आतून स्विमिंग कॉस्च्यूम, वरून तीन थर, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. टॉवेल, कानटोपी, कोरडे मोजे. कानटोपी नक्की, परत येताना ओल्या केसांनी वारा खाल्ला की दुसऱ्या दिवशी कान धरतात.

प्रत्यक्ष दिवस

आधी किनाऱ्यावर ऑफिसात फॉर्म भरून घेतात, काही झालं तर आमची जबाबदारी नाही छापाचा, मग चहा-कॉफी, मग सुरक्षेची माहिती. नारिंगी लाइफजॅकेट चढवून बोटीत. समोर डेंजर पॉइंट नावाचं भूशिर आणि त्यावर दीपगृह दिसतं, तिथेच १८५२ मध्ये बर्कनहेड नावाचं ब्रिटिश सैन्याचं जहाज खडकावर फुटलं होतं. सैनिक डेकवर रांगेत उभे राहिले आणि बायका-मुलांना आधी होड्यांत बसवलं, ते सगळे वाचले, शेकडो सैनिक मात्र बुडाले, काहींना शार्कनेही नेलं. गाइड हे सांगतो आणि लगेच विचारतो, पहिल्या बॅचमध्ये कोण उतरणार? नवरा म्हणाला, लेडीज फर्स्ट. सैनिकांच्या ओळीत उभं राहणारा माणूस म्हणे.

पण गंमत सोडून सांगते, पहिल्या बॅचमध्येच उतरा. थांबलात की बोट हलत राहते, मळमळ वाढते, पहिल्या बॅचचे थरथरत बाहेर येतात ते बघून धीर जातो, आणि मग लोक उतरतच नाहीत. आमच्या बोटीत तसे पैसे भरलेले चार जण कोरडेच परत आले.

वेटसूट बोटीवरच देतात. जाड रबराचा, आणि चेन पाठीमागे येते, पुढे नाही. मी उलटा घातला, दहा मिनिटं झगडून अर्धा चढवला, मग क्रूमधल्या मुलीने हसत हसत पुन्हा उतरवला. पाय घालताना प्लॅस्टिकची पिशवी पावलाला बांधून घातली तर सुळकन जातो, ही युक्ती मला नंतर कळली. टोपी आणि बूटही असतात, सगळं घट्ट असणं हेच बरोबर, सैल असेल तर बदलून मागा कारण सैल सूटमधून पाणी आत-बाहेर करत राहतं आणि मग थंडी थांबत नाही.

पिंजरा बोटीच्या कडेला दोराने बांधलेला असतो, लोखंडी, लांबट, ओळीत सहा-आठ जण उभे राहतील असा, वरचा भाग पाण्याच्या वर. म्हणजे तुम्हाला कुठे खोल समुद्रात सोडत नाहीत, डोकं पाण्याबाहेरच असतं. वरचं झाकण उघडतात आणि शिडीसारखं एकेकाने आत उतरायचं.

आणि मग ते पाणी. बारा-चौदा डिग्री असेल. पहिलं मानेपाशी शिरतं आणि मणक्यावरून एक बारीक धार खाली जाते, त्या क्षणी तोंडातून जे निघालं ते मराठीत निघालं म्हणून बरं. छाती आखडते, श्वास भराभर चालतो, ओरडावंसं वाटतं. हे सगळ्यांचं होतं, घाबरू नका, दांडा धरून तोंडाने हळूहळू श्वास सोडत राहा, मिनिटभरात सूटमधलं पाणी अंगाने कोमट होतं आणि मग सहन होतं. मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटतं आपल्यालाच काहीतरी होतंय.

सूट तुम्हाला वर तरंगवत राहतो, म्हणून खाली एक दांडा असतो त्याच्यात पावलं अडकवायची आणि आतल्या बाजूचा दांडा हाताने धरायचा. आतला. पिंजऱ्याच्या बाहेरच्या गजांना बोटं लावायची नाहीत, कॅमेरा हातभर बाहेर काढायचा नाही. अ‍ॅक्शन कॅमेरा असेल तर मनगटाला पट्टा हवाच, आमच्या शेजारच्याचा गेला तळाला.

वर एक माणूस दोरीला माशाचं मुंडकं बांधून पाण्यात फेकतो आणि शार्क आला की ते पिंजऱ्याच्या दिशेने ओढत आणतो. खायला मिळू द्यायचं नसतं, परवान्याचा नियमच तसा आहे, तरी मधूनच एखादा शार्क जिंकतो. शार्क दिसला की वरून आरोळी येते, डाउन लेफ्ट, डाउन राइट, की श्वास घ्या, डोकं खाली, त्या बाजूला बघा. हे शब्द मुलांना आणि इंग्रजी कच्चं असलेल्या मोठ्यांना आधी पाठ करून घ्या कारण त्या गडबडीत माझी लेफ्ट-राइट उलट झाली आणि पहिले दोन शार्क मी चुकवले, मी बघत होते बोटीचा तळ.

तिसऱ्याला बरोबर बघितलं. समोर नुसतं हिरवट, खिरीसारखं दाट पाणी, काही नाही, काही नाही, आणि मग त्या हिरव्यातलाच एक तुकडा जरा गडद झाला आणि त्याला तोंड आलं. आवाज कसलाच नाही. माझ्या हातापासून हातभर अंतरावरून गेला, कातडीवर उन्हाची जाळी हलत होती, अंगावर जुन्या खरचटल्याच्या पांढऱ्या रेघा, आणि डोळा. डोळा माझ्याकडे बघून पुढे गेला, भाजीवाल्याच्या गाडीवर दुधी बघून पुढे जावं तसा. शेपटीच्या फटकाऱ्याने पिंजरा हलला. बाहेर येऊन श्वास घेतला तर लेक शेजारी ओरडत होती, आई बघितलंस का, आई बघितलंस का, आणि तिचे ओठ जांभळे.

ओठ जांभळे आणि दात वाजायला लागले की मूल नाही नाही म्हणत असलं तरी वर काढा. साधारण वीस मिनिटं मिळतात, लहान अंगाला दहा-बारा पुष्कळ. एखाद्या वेळी शार्क पिंजऱ्याला नाक घासतो, त्याचं कारण राग नाही. शार्कच्या नाकाडावर वीज ओळखणारी छिद्रं असतात आणि खाऱ्या पाण्यात लोखंडाभोवती हलका करंट असतो, तो त्याला चाचपून बघायचा असतो.

न उतरणाऱ्यांचं काय

घरात एक तरी माणूस असं असतंच आणि त्यांना ओढून नेऊ नका. वरच्या डेकवरून खरं तर शार्क जास्त चांगला दिसतो, पूर्ण आकार, आख्खी सावली, उलट पिंजऱ्यातून तुकड्या-तुकड्याने दिसतो. सासूबाई शाल गुंडाळून तिथे बसल्या होत्या. त्यांचं माहेर मालवणकडचं, शार्क म्हणजे त्यांच्यासाठी मोरी, आणि मोरीचं मटण हा त्यांचा हातखंडा. सगळे परदेशी ओ माय गॉड करत असताना वरून मालवणीत आवाज आला, "केवढी गो बाय ही मोरी, अख्ख्या वाडीक पुरतली!" क्रूमधल्या पोराने विचारलं काय म्हणाल्या. मी म्हटलं, ब्यूटिफुल म्हणाल्या. (ग्रेट व्हाइटला कायद्याने संरक्षण देणारा जगातला पहिला देश दक्षिण आफ्रिका, १९९१ साली, तिथे खरं भाषांतर करायची हिंमत झाली नाही.)

परतीच्या वाटेवर बोट सीलच्या खडकाजवळ नेतात, तिथला वास त्या चमपेक्षाही वरचढ आहे, रुमाल हाताशी ठेवा.

किनाऱ्यावर आल्यावर

गरम सूप देतात, ते प्या. व्हिडिओ विकत घ्यायचा असेल तर आधी तुम्ही त्यात आहात का ते चालवून बघा, आमच्यात सलग चार मिनिटं जर्मन आजोबाच होते. क्रूला टिप द्यायची पद्धत आहे, थोडे सुटे रँड जवळ ठेवा. केसांचा माशाचा वास दोन शांपूंत जातो, टॉवेलचा जात नाही, जुनाच न्या.

आणि ही गोष्ट आम्ही विसरलो ती तुम्ही विसरू नका. अ‍ॅवोमिनने झोप येते. जो गाडी चालवणार त्याने घेतली असेल तर त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही, तेव्हा एक तर एकाने गोळी न घेताच राहायचं, नाहीतर हॉटेलहून ने-आण करणारी गाडी घ्यायची, नाहीतर त्या रात्रीचीही खोली ठेवायची. आम्ही सकाळी खोली सोडून सामान डिकीत टाकून आलो होतो. दुपारी दोन वाजता क्लाइनबायच्या पार्किंगमध्ये नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरत होता, मी मागे पेंगत होते, लेकीला लायसन्स मिळायला चार वर्षं आहेत, आणि टक्क जाग्या होत्या त्या एकट्या सासूबाई, ज्यांना सायकलही येत नाही. सोडलेली खोलीच परत घ्यावी लागली, पूर्ण भाड्याने.